झाडाचे जेवण सालीतून जाते
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



 मंडळाने मला या व्यासपीठावर बोलावले. बोलावताना कार्यकर्त्यांनी दोन अटी घातल्या होत्या. विषय ज्ञानवर्धक हवा आणि भाषण आरतीच्या आधी संपायला हवे. मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवले असल्यामुळे पहिली अट सोपी आहे. दुसरी पाळण्याचा प्रयत्न करते.

आजचा विषय आहे झाडाचे जेवण. सुरुवात आपल्या जेवणापासून करू या. उकडीच्या मोदकात काय असते? पारी तांदळाच्या पिठीची, आत ओले खोबरे आणि गूळ. तांदूळ धानाच्या लोंबीत भरला, खोबरे नारळाच्या कवटीत भरले आणि गुळाची साखर उसाच्या कांड्यात साठली. पण यातले काहीही त्या जागी तयार झालेले नाही. लोंबी, कवटी आणि कांडे ही कोठारे आहेत. स्वयंपाक झाला पानात. सूर्यप्रकाश, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी पाठवलेले पाणी यांपासून हिरव्या पानाने साखर केली आणि ती तिथून कोठारापर्यंत पोचवली. या पोचवण्याबद्दलच मला आज बोलायचे आहे.

एक गैरसमज आधी दूर करते. "झाड जेवण कुठून घेते?" असे वर्गात विचारले की निम्मी मुले म्हणत, "मातीतून." आपणही खताला झाडाचे जेवण म्हणतो. माती पाणी देते, नत्र, स्फुरद, पालाश असे क्षार देते. त्यांच्यावाचून झाडाचे चालत नाही, हे खरे. पण ज्याच्यावर झाड जगते आणि वाढते ते अन्न, म्हणजे साखर, पानातच तयार होते. मुळे अंधारात असतात. त्यांना स्वतःचा स्वयंपाक करता येत नाही. मुळांना वरून डबा यावा लागतो. डबा आला नाही तर मूळ उपाशी राहते. आजच्या भाषणातले एवढे एकच वाक्य लक्षात राहिले तरी मला समाधान आहे.

झाडात दोन वेगळ्या नळयोजना असतात. इथे छत्तीसगढमध्ये आपली मुले त्यांना जाइलम आणि फ्लोएम म्हणतात. महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकांत जलवाहिनी आणि रसवाहिनी असे सुंदर शब्द आहेत. जलवाहिनी मुळांकडून पाणी आणि क्षार वर नेते. रसवाहिनी पानात तयार झालेले अन्न जिथे गरज असेल तिथे नेते, मग ते खाली असो वा वर. आंबा, कडुनिंब, पिंपळ अशा झाडांत आपण ज्याला लाकूड म्हणतो ते म्हणजे जलवाहिन्यांचा गठ्ठा. आणि रसवाहिन्या? त्या लाकडात नाहीत. बाहेरची खडबडीत, वाळकी साल नखाने खरवडली की आत ओलसर पापुद्रा लागतो, त्यात त्या असतात. बऱ्याच झाडांत त्यातला अन्न वाहणारा जिवंत थर जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा असतो. दोन माणसांच्या कवेत न मावणाऱ्या पिंपळाची सगळी मुळे त्या पापुद्र्यातून येणाऱ्या डब्यावर जगतात.

हे माणसाला एका दिवसात कळले नाही. सतराव्या शतकात इटलीतील मार्चेल्लो माल्पिघी या शास्त्रज्ञाने फांदीभोवतालची साल कड्यासारखी काढून पाहिली. कड्याच्या वरचा भाग काही दिवसांनी फुगला, खालचा तसाच राहिला. वरून खाली येणारे काहीतरी तिथे अडत होते. १८३७ मध्ये जर्मनीच्या थिओडोर हार्टिग यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्या सालीतल्या नळ्या ओळखल्या. या नळ्या लांबट जिवंत पेशी एकापुढे एक जोडून झालेल्या असतात आणि दोन पेशींमधला पडदा पिठाच्या चाळणीसारखा भोकाभोकांचा असतो. म्हणून त्यांना चाळणीनलिका म्हणतात. रसाला वाट मोकळी मिळावी म्हणून या पेशींनी आपले केंद्रकसुद्धा सोडून दिलेले असते. त्यांचा संसार शेजारची सहपेशी सांभाळते.

आता प्रश्न असा की रस पुढे ढकलतो कोण? झाडाला हृदय नाही, पंप नाही. याचे आज मान्य असलेले उत्तर जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट म्युंच यांनी १९३० च्या सुमारास मांडले. ते समजायला खिरीतली मनुका पुरे. सुकी मनुका पाण्यात टाकली की फुगते, कारण आतल्या साखरेकडे पाणी ओढले जाते. पानातही तेच होते. पान साखर रसवाहिनीत भरते. रस दाट झाला की शेजारच्या जलवाहिनीतले पाणी आत शिरते आणि दाब वाढतो. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असू शकतो. दुसऱ्या टोकाला मूळ, फळ किंवा दाणा साखर काढून घेतो. तिथे रस पातळ होतो, पाणी बाहेर पडते, दाब उतरतो. एकीकडे दाब जास्त, दुसरीकडे कमी, म्हणून रस वाहू लागतो. वेग साधारण तासाला अर्ध्या मीटरपासून एक-दीड मीटरपर्यंत. गोगलगायसुद्धा याहून पुढे जाईल, पण हे काम रात्रंदिवस, तिन्ही पाळ्यांत चालू असते.

या रसाचा नमुना मिळवणे फार अवघड होते. नळी कापली की झाड लगेच ती आतून बुजवते. त्यावर १९५३ मध्ये केनेडी आणि मिटलर या शास्त्रज्ञांनी मोठी गमतीची युक्ती प्रसिद्ध केली. पिकावर पडणारा मावा आपली केसाहून बारीक सोंड नेमकी रसवाहिनीत खुपसतो. त्यांनी मावा सोंडेपाशी कापून टाकला आणि सोंड तशीच राहू दिली. तिच्या टोकातून रस आपोआप ठिबकत राहिला, कारण आत दाब होता. जे आपल्या प्रयोगशाळेला जमत नव्हते ते त्या किड्याला जमले.

हाच कारभार सध्या आपल्या आजूबाजूला चालू आहे. सिलतऱ्याच्या कारखान्यांची रांग संपली की धरसींव्याकडे धानाची शेते लागतात. इथले छत्तीसगढी शेतकरी पोऱ्याच्या दिवशी धानाला गर्भ राहिला असे मानतात आणि त्या दिवशी शेतात पाय ठेवत नाहीत. पोरा होऊन चार दिवसांनी आपले गणपती येतात. म्हणजे आपण आरत्या म्हणत असतो तेव्हा धान पोटरीला येत असते. पुढे लोंबी बाहेर पडते आणि दाण्यात दूध भरते. ते दूध कुठून येते? मोठा भाग वरच्या दोन-तीन पानांतून, त्यातही शेंड्याच्या पानातून, आणि काही भाग खोडात आधी साठवलेल्या शिलकीतून. सगळे येते रसवाहिनीतूनच. आणि नेमक्या याच काळात माहो पडतो, ज्याला आपण तपकिरी तुडतुडे म्हणतो. तो धानाच्या बुंध्याशी बसून रस शोषतो. शेतात गोल गोल पट्टे जळाल्यासारखे दिसू लागतात. त्या शेतात पाणी भरपूर असते, खतही दिलेले असते. पण मुळांचा आणि दाण्यांचा डबा वाटेतच कोणीतरी खाल्लेला असतो.

आता गणपतीला वाहतो त्या एकवीस पत्रींपैकी मी फक्त तीन निवडते. बोर, डाळिंब आणि अर्जुन. सालीच्या आतल्या या रसाशी माणूस कसा वागतो, ते या तिघांवरून समजते.

पहिले बोर, म्हणजे इथले बोईर. बोर, परसा म्हणजे आपला पळस, आणि कुसुम या तीन झाडांवर छत्तीसगढमध्ये लाखेची शेती होते. झारखंड आणि छत्तीसगढ ही देशातली लाखेची प्रमुख राज्ये. बीहन लाखेची काडी झाडाला बांधतात. तिच्यातून मिलिमीटरपेक्षाही लहान पिल्ले निघतात, कोवळ्या फांदीवर जागा धरतात आणि सोंड रसवाहिनीत घालून बसतात. मादी एकदा बसली की मरेपर्यंत हलत नाही. रस पिऊन ती अंगातून राळ सोडते, ती वाळली की लाख. आपल्या भगिनींच्या हातातली लाखेची बांगडी आणि महाभारतातले लाक्षागृह यांचा कच्चा माल हाच. या लाखेच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली संस्था सुरू झाली. आज ती राष्ट्रीय दुय्यम कृषी संस्था या नावाने काम करते. तिथले शास्त्रज्ञ आणि गावातले जाणते शेतकरी एक गोष्ट एकमताने सांगतात. एकाच झाडावर सतत लाख चढवू नका. एक हंगाम घेतला की त्या झाडाला विश्रांती द्या, तोवर दुसरी झाडे वापरा. झाडाच्या डब्यातला घास घ्यायचा तर झाडालाही जेवू द्यायचे, एवढा हिशेब त्यामागे आहे.

दुसरे डाळिंब. डाळिंबाची रोपे गुटी कलमाने करतात. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडायची, तिच्यावरची दोन-तीन सेंटिमीटर साल गोल काढायची, त्या जागी ओले शेवाळ लावून वरून प्लॅस्टिक घट्ट गुंडाळायचे. महिना-दीड महिन्यात शेवाळात मुळे दिसू लागतात. फांदी वाळत का नाही? कारण लाकूड शाबूत आहे, पाणी वर जातेच आहे. मुळे का फुटतात? कारण वरून येणारे अन्न आणि मुळे फुटायला लावणारे संप्रेरक त्या कड्याशी येऊन थांबतात. माल्पिघीला दिसलेली फुगवटी आणि आपली गुटी ही एकच गोष्ट आहे. नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदारही वेलीच्या खोडावर काही मिलिमीटर रुंदीचे कडे काढतात, त्याला गर्डलिंग म्हणतात. खाली जाणारी साखर थोडे दिवस अडते आणि मणी फुगतो. पण ते कडे इतके अरुंद ठेवतात की काही आठवड्यांत ते भरून येते. भरून आले नाही तर द्राक्षही गेले आणि वेलही गेली. माळरानावरच्या कोणाही अनुभवी माळ्याला विचारा, तो हेच सांगेल.

तिसरा अर्जुन, इथला कहुआ. याची साल औषधी म्हणून हृदयविकारावर वापरतात, त्यामुळे तिला मागणी आहे. खोडाच्या एका बाजूने उभी पट्टी काढली तर उरलेल्या सालीतून अन्न खाली जात राहते आणि जखमही भरते. पण घाईने चोहोबाजूंनी साल सोलली तर ते झाड संपले. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात राखीव जंगलातील गुन्ह्यांची यादी आहे. तिच्यात झाड तोडणे आहे, तसेच झाडाला गोल खाच पाडणे आणि साल सोलणे हेही आहे. कायदा करणाऱ्यांना माहीत होते की कुऱ्हाडीचा एकही घाव लाकडावर न घालता झाड मारता येते.

कोणी विचारेल, मॅडम, कोकणात नारळाच्या खोडाला चढण्यासाठी खाचा पाडतात, तरी माड जगतो, तो कसा? प्रश्न चांगला आहे. माड, ताड, आपल्या बस्तरची सल्फी, बांबू आणि ऊस यांची रचना वेगळी. त्यांच्या रसवाहिन्या सालीखाली एका कड्यात नसतात, खोडभर विखुरलेल्या असतात. कडुनिंब, पिंपळ, आंबा, गुलमोहर, करंज यांना ही सवलत नाही. आणि आपल्या वसाहतीत रस्त्याच्या कडेला बहुतेक हीच झाडे आहेत.

आता मूळ मुद्द्यावर येते. मंडपाच्या उजव्या हाताला जो कडुनिंब आहे, तो आरती झाल्यावर सर्वांनी जवळ जाऊन पाहावा. छातीएवढ्या उंचीवर त्याच्या खोडात एक तार रुतलेली आहे. कोणत्या तरी जुन्या रोषणाईची असावी. ती कोणी बांधली याची चौकशी मला करायची नाही. बांधली तेव्हा ती सैलच असणार. पण झाड दरवर्षी जाड होते, तार होत नाही. ती सालीत घुसली आहे. तारेच्या वर खोड फुगले आहे, खाली ते बारीक राहिले आहे. तो फुगवटा म्हणजे अडलेले जेवण आहे. समोरच्या रस्त्याला आणखी दोन झाडांची हीच स्थिती आहे, आणि एका झाडाला लहानपणी बसवलेला लोखंडी पिंजरा आता त्याच्याच अंगात शिरू लागला आहे.

तुम्ही म्हणाल, कडुनिंब तर हिरवागार आहे. यातच खरा धोका आहे. पाणी लाकडातून वर जातेच आहे, त्यामुळे पाने टवटवीत दिसतात. खाली मुळे आपल्या साठ्यातला पिठूळ ऐवज खर्च करून दिवस काढत असतात. हे महिनोन्महिने, कधी काही वर्षेही चालते. साठा संपला की कोवळी मुळे मरू लागतात. मग पाणी कमी पडते, शेंडा वाळतो आणि एखाद्या जूनच्या वादळात झाड आडवे होते. आपण म्हणतो, वादळाने पडले. तार कोणाला आठवत नाही. तुमच्या भाषेत सांगायचे तर कँटीनमध्ये स्वयंपाक तयार आहे, भट्टीवरचा माणूस भुकेला आहे, आणि मधल्या दाराला कोणीतरी कुलूप घालून घरी गेला आहे.

सिलतऱ्यात हे जास्त गंभीर का, तेही सांगते. आपण स्पंज आयर्न आणि पोलादाच्या पट्ट्यात राहतो. आपल्यापैकी अनेक घरांची चूल त्याच कारखान्यांवर पेटते, त्यामुळे मी कोणाला दोष द्यायला उभी नाही. पण दिवाळीनंतर पावसाचे धुणे बंद झाले की पानावरून बोट फिरवून पाहा, बोट काळे होते. पानावर धूळ बसली की उजेड कमी पोचतो आणि हवा घेण्याची सूक्ष्म छिद्रे झाकली जातात. म्हणजे आपल्याकडची झाडे वर्षातले कितीतरी महिने कमी स्वयंपाक करतात. कारखान्यांना परवानगी देताना सहसा हरित पट्ट्याची अट असते, ती याच धुळीसाठी. धूळ अंगावर घेणे हे त्या झाडांचे कामच आहे. ज्या घरात आधीच धान्य कमी शिजते, त्या घरात वाढणाऱ्याचा हात बांधून कसे चालेल? स्वच्छ हवेच्या गावातले झाड एखादी तार कदाचित सोसेल. आपल्या झाडांपाशी तेवढी शिल्लक नाही.

म्हणून मंडळापुढे चार सूचना ठेवते. खर्च फारसा नाही.

पहिली, रोषणाईसाठी आणि फलकांसाठी बांबू किंवा लोखंडी खांब उभे करावेत. झाडाला बांधायचेच असेल तर रुंद कापडी पट्टी सैल बांधावी आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, मंडप उतरवतानाच, ती सोडावी. मांडववाल्याचा हिशेब चुकता करण्यापूर्वी एक कार्यकर्ता प्रत्येक झाडाभोवती फिरून यावा.

दुसरी, खिळा ठोकू नये. एका खिळ्याने झाड मरत नाही, पण दर खिळ्यापाशी तेवढी साल निकामी होते आणि कीड-बुरशीला दार उघडते. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या तरुणांनी खिळेमुक्त झाडांची मोहीम चालवली आणि पक्कड घेऊन झाडांतले खिळे काढले. आपल्या वसाहतीत तर प्रत्येक घरात पक्कड आहे आणि ती चालवणारे कुशल हातही आहेत.

तिसरी, रुतलेली तार हिसकून काढू नये. तिच्याबरोबर उरलेली सालही निघेल. तार तीन-चार ठिकाणी कापावी, म्हणजे फास सुटेल. जो तुकडा सहज निघेल तो काढावा, जो सालीने गिळला आहे तो तसाच राहू द्यावा. थोडी जरी साल सलग उरली असेल तरी तिच्यातून अन्न खाली जाते आणि झाड स्वतःला सावरू शकते. लोखंडी पिंजरेही झाड मोठे झाले की कापून काढावेत, आणि बुंध्याला चिकटून सिमेंट करू नये.

चौथी बालमित्रांसाठी. दिवाळीपासून पुढच्या पावसापर्यंत प्रत्येकाने आपल्या घरासमोरचे एक लहान झाड दत्तक घ्यावे आणि आठवड्यातून एकदा बादलीभर पाण्याने त्याची पाने धुवावीत. तेच पाणी खाली मुळांना मिळेल. वरचा स्वयंपाक आणि खालचे पाणी, दोन्ही कामे एका बादलीत होतात.

कडुनिंबाची तार कापण्यासाठी विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता मी तिथे थांबणार आहे. ज्यांची रात्रपाळी सुटत असेल त्यांनी घरी जाताना पाच मिनिटे थांबावे. कटर मात्र कोणीतरी घेऊन यावा, माझ्याकडे भाजी चिरायची विळी आहे, तिने ते काम होणार नाही.



गणपती बाप्पा मोरया!